टाइलची नक्षी कडेपासून आखावी: लेझर कटिंग आणि एनग्रेव्हिंगसाठी आराखडा कसा करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका घरात देवघरामागच्या २००० मिमी रुंद आणि १२०० मिमी उंच भिंतीवर ३ मिमी जाडीच्या एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या शीटच्या) नक्षीदार चौकोनी टाइल बसवायच्या आहेत. काही टाइलमध्ये आरपार जाळी हवी आहे, तर काहींवर नुसते कोरीवकाम. अंबडमधील एका जॉबवर्क करणाऱ्याकडून काढून घेतलेल्या नमुन्यात शेजारशेजारच्या टाइलची नक्षी जुळत नाही, पूर्ण ओळ लावली की ती तोकडी भरते, जाळीचे नाजूक भाग हाताळतानाच तुटतात, आणि कोरीवकामाचा दर अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आहे. यात मशीनचा दोष किती आणि आराखड्याचा किती, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते मशीनचा दोष थोडा आणि आराखड्याचा बराच आहे. बहुतेक जण टाइल मधून आखायला घेतात: आधी एक सुंदर फूल किंवा मोर काढायचा, तो मनासारखा झाला की भोवती चौकोन ओढायचा आणि मग तो चौकोन भिंतीभर पसरवायचा. एकट्या टाइलकडे पाहताना ही पद्धत पुरेशी वाटते; परंतु भिंतीवर टाइल कधीच एकटी नसते. तिच्या मध्यावर काय आहे यापेक्षा तिच्या चार कडांवर काय घडते यावर सगळी भिंत उभी राहते. म्हणून कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात: कडेची खरी लांबी किती, कडेवर रेषा नेमक्या कोणत्या बिंदूंवर येतात, आणि त्या तेथे कोणत्या कोनात येतात. या तिन्ही पक्क्या झाल्या की मधली नक्षी हवी तशी बदलता येते आणि तरीही जुळणी बिघडत नाही.

आधी लांबीचे पाहू, कारण तुमची ओळ तोकडी पडण्याचे कारण तेथेच आहे. लेझरचा किरण कापताना काही जागा जाळून नेतो आणि त्या फटीच्या रुंदीला कारखान्यात कर्फ म्हणतात. आराखड्यातली रेघ त्या फटीच्या मध्यावर असते, त्यामुळे प्रत्येक कडेवरून अर्धा कर्फ टाइलच्या अंगचा जातो. एमडीएफमध्ये हा कर्फ साधारणपणे ०.१ ते ०.३ मिमी असतो. तो लेन्स, फोकस, पॉवर, वेग आणि शीटची जाडी यांप्रमाणे बदलतो, म्हणून दुसऱ्याने सांगितलेला आकडा वापरू नये. मोजण्याची रीत सोपी आहे. त्याच शीटच्या तुकड्यावर १०० मिमी लांबीचा आयत काढावा, त्यात आडव्या अंगाने सारख्या अंतरावर ९ रेघा ओढून १० तुकडे कापावेत, ते सगळे एकमेकांना घट्ट टेकवून एकूण लांबी व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या साधनाने) मोजावी. बाहेरच्या दोन कडांवर अर्धा-अर्धा आणि आतल्या ९ रेघांवर पूर्ण, असे मिळून १० कर्फ गेलेले असतात. लांबी ९८.४ मिमी भरली तर १.६ मिमी भागिले १०, म्हणजे कर्फ ०.१६ मिमी. एका टाइलवर हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण २० टाइलच्या ओळीत तो ३.२ मिमी होतो आणि ओळीच्या टोकाला स्पष्ट दिसतो. उपाय एवढाच की बाहेरची कड अर्ध्या कर्फने, म्हणजे येथे ०.०८ मिमी, बाहेर सरकवावी आणि जाळीच्या छिद्रांच्या कडा तेवढ्याच आत घ्याव्यात. बहुतेक लेझर सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. मात्र ती आराखड्यात करायची की मशीनवर, हे जॉबवर्कवाल्याशी आधी बोलून घ्यावे, नाहीतर दोघेही ती करतात आणि टाइल मोठ्या होतात.

कडेची लांबी १०० मिमी असावी असा आग्रह मात्र धरू नये. येथे शीटचा हिशेब पाहणे फार फायद्याचे ठरते. बाजारातले शीट ८ बाय ४ फुटांचे, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी असते आणि आपल्याकडच्या बऱ्याच मशीनचा बेड, म्हणजे शीट ठेवायची जागा, १३०० बाय ९०० मिमीचा असतो. त्यामुळे शीटचे तीन भाग करावे लागतात आणि प्रत्येक भाग करवतीची फट जाऊन सुमारे १२२० बाय ८११ मिमी उरतो. दोन टाइलमध्ये ३ मिमी अंतर धरले, तर १०० मिमीच्या टाइल एका भागात ११ गुणिले ७ म्हणजे ७७ आणि पूर्ण शीटमध्ये २३१ बसतात. तुमच्या भिंतीला २० गुणिले १२ म्हणजे २४० हव्या आहेत. म्हणजे केवळ ९ टाइलसाठी दुसरे शीट घ्यावे लागेल. हीच टाइल ९८ मिमीची केली, तर एका भागात १२ गुणिले ८ म्हणजे ९६ आणि पूर्ण शीटमध्ये २८८ बसतात. शीटच्या कडा सरळ आणि न चेपलेल्या असाव्यात, कारण चहूबाजूंनी जेमतेम ३ ते ५ मिमी जागा उरते. भिंतीवर ९८ मिमीच्या २० टाइल आणि त्यांच्यामधल्या १९ फटी प्रत्येकी १ मिमी धरल्या तर १९७९ मिमी होतात, उंचीत १२ टाइल आणि ११ फटी मिळून ११८७ मिमी होतात. उरलेली जागा भोवतालच्या बारीक लाकडी पट्टीत सहज जाते. एका शीटमध्ये भिंत पूर्ण होते आणि ४८ टाइल जादा राहतात, ज्या पुढे एखादी टाइल खराब झाल्यास उपयोगी पडतात.

ती १ मिमीची फट मी मुद्दाम धरली आहे. एमडीएफ हवेतला ओलावा शोषते आणि थोडे फुगते. जून ते सप्टेंबरमधल्या नाशिकच्या हवेत आणि एप्रिलमधल्या कोरड्या हवेत एकाच टाइलचे माप तंतोतंत तेच राहत नाही. टाइल एकमेकींना घट्ट टेकवून लावल्या तर फुगण्यासाठी जागा उरत नाही आणि मधल्या टाइल भिंतीपासून उचलल्या जातात. शिवाय मोठ्या पृष्ठभागावर पूर्णपणे अदृश्य सांधा मिळवणे हाताने बसवताना जवळजवळ अशक्य असते आणि एखाद-दुसरा सांधा किंचित उघडा राहिला की तोच डोळ्यांना खुपतो. सर्वत्र सारखी फट ठेवली की ती नक्षीचाच भाग होते.

आता कडेवरच्या बिंदूंकडे वळू. टाइल कोणत्याही बाजूने फिरवून लावता यावी असे वाटत असेल, तर चारही कडा सारख्या हव्यात आणि प्रत्येक कड तिच्या मध्यबिंदूभोवती डावी-उजवी सारखी हवी. कड ओलांडणारी रेषा मध्यावर असेल तर एकच पुरते. मध्यापासून १५ मिमीवर डावीकडे एक रेषा असेल, तर १५ मिमीवर उजवीकडेही एक हवीच. याशिवाय रेषेने कडेला काटकोनात भेटले पाहिजे. तिरकी भेटणारी रेषा शेजारच्या टाइलमध्ये आरशातल्यासारखी उलटली की सांध्यावर टोक तयार होते, आणि मधल्या १ मिमी फटीमुळे तिरक्या रेषेची दोन टोके एकमेकांसमोर येतच नाहीत. काटकोनात येणारी रेषा मात्र फट ओलांडूनही सरळ पुढे गेल्यासारखी दिसते.

या नियमाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे त्रुशे टाइल. सेबास्तियाँ त्रुशे या फ्रेंच धर्मगुरूने १७०४ मध्ये कर्णावर दोन रंगांत विभागलेल्या चौकोनी टाइल फिरवून किती रचना होऊ शकतात याचा अभ्यास मांडला. पुढे १९८७ मध्ये सिरिल स्टॅन्ली स्मिथ यांनी त्या कल्पनेचा विस्तार करताना चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांभोवती पाव वर्तुळे काढलेली टाइल पुढे आणली, आणि आज त्रुशे म्हटले की बहुधा हीच टाइल डोळ्यांसमोर येते. पाव वर्तुळाची त्रिज्या कडेच्या निम्मी असते, त्यामुळे ते प्रत्येक कडेला बरोबर मध्यावर आणि काटकोनात भेटते. टाइल पाव फेरा फिरवली की वळणे बदलतात, सांधे तसेच जुळलेले राहतात. एकाच आराखड्यातून कधी पूर्ण वर्तुळे, कधी लांबच लांब नागमोडी वाटा तयार होतात. तुमच्या भिंतीसाठी मी हीच टाइल सुचवेन, आणि ती तुमच्या मापात बसवून दाखवतो, कारण जाळीचा प्रश्नही तिच्यातच सुटतो.

टाइल ९८ मिमीची, म्हणून पट्ट्याची मधली त्रिज्या ४९ मिमी. पट्टा १० मिमी रुंद धरला तर त्याच्या दोन कडा ४४ आणि ५४ मिमी त्रिज्येवर येतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पट्टे एकमेकांपासून सुमारे ३० मिमी दूर राहतात, म्हणजे मधला भाग भक्कम असतो. कोरीव टाइलमध्ये या चारही वक्र रेषा कडेपर्यंत जातील. जाळीच्या टाइलमध्ये हा पट्टा आरपार कापून काढायचा आहे, आणि तो कडेपर्यंत कापला तर कोपऱ्याचा तुकडा सुटून खाली पडेल. म्हणून कापलेला भाग कडेपासून ४ मिमी अलीकडे थांबवावा. तेवढी चौकट टाइलभोवती राहते. पण ४ मिमीच्या त्या दोन माना कोपऱ्याचा सगळा भार घेतात आणि हाताळताना टाइल तेथेच मोडते; तुमचे नमुनेही अशाच ठिकाणी मोडले असावेत. त्यामुळे पट्ट्याच्या मधोमध, म्हणजे टाइलच्या कर्णावर, आणखी एक न कापलेला पूल सोडावा. तो किती रुंद असावा, याचे उत्तर सांध्यावर आहे. दोन टाइल शेजारी आल्या की एकीची ४ मिमी चौकट, १ मिमी फट आणि दुसरीची ४ मिमी चौकट मिळून ९ मिमीचा खंड दिसतो. मधला पूलही ९ मिमीच ठेवला, तर चार टाइलच्या कोपऱ्यावर तयार होणाऱ्या पूर्ण वर्तुळात आठ ठिकाणी सारख्या अंतरावर सारखेच खंड येतात. मजबुतीसाठी ठेवलेले पूल मग नक्षीतलेच आरे वाटतात आणि सांधा कोणता व पूल कोणता हे पाहणाऱ्याला चटकन ओळखू येत नाही.

यातूनच जाळीचा एक सर्वसाधारण नियम निघतो: टाइलच्या चौकटीची रुंदी आतल्या न कापलेल्या पुलांच्या साधारण निम्मी असावी, कारण शेजारची चौकट तिला पूर्ण करते. हा नियम न पाळल्यामुळे कित्येक भिंतींवर नक्षीपेक्षा चौकोनांची जाड रेघच आधी दिसते. मजबुतीसाठी कोणताही भाग शीटच्या जाडीपेक्षा अरुंद नसावा. एमडीएफमध्ये जमेल तेथे दीडपट ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते, म्हणजे ३ मिमी शीटसाठी साडेचार मिमी. आतले कोपरे टोकदार न ठेवता अर्धा ते एक मिमी त्रिज्येने गोल करावेत. टोकदार कोपऱ्यावर ताण साठून तडा तेथूनच जातो, आणि दिशा बदलण्यासाठी मशीनचे डोके तेथे मंदावते तेव्हा तो बिंदू जास्त जळतो. गोलाईमुळे दोन्ही त्रास एकदम कमी होतात.

कोरीवकामाच्या खर्चाबद्दल आता स्पष्ट बोलायला हवे. एनग्रेव्हिंग दोन प्रकारे होते. रास्टर पद्धतीत डोके डावीकडून उजवीकडे जात एकेक बारीक ओळ भाजत भरीव भाग तयार करते. व्हेक्टर पद्धतीत किरण कमी पॉवरवर थेट रेघेवरून फिरतो आणि वरवरची चर पाडतो. तुमचा नमुना भरीव रंगवलेल्या आकृत्यांचा होता, त्यामुळे तो रास्टरने झाला. ओळींमधले अंतर ०.१ मिमी धरले तर ९८ मिमी उंचीच्या टाइलला ९८० ओळी लागतात. वेग सेकंदाला ३०० मिमी आणि दोन्ही टोकांना वळण्याची जागा धरून प्रत्येक फेरी १२० मिमीची मानली, तर एका टाइलला ३९२ सेकंद, म्हणजे साडेसहा मिनिटे लागतात. अशा २४० टाइलना नुसत्या कोरण्यासाठीच सुमारे २६ तास जातात. त्याच टाइलवर एकूण दीड मीटर लांबीच्या रेघा सेकंदाला १०० मिमी वेगाने व्हेक्टरने मारल्या, तर १५ सेकंद लागतात आणि सगळ्या टाइल तासाभरात होतात. जॉबवर्कवाला मशीनच्या वेळेचे पैसे घेतो. त्याने सांगितलेला दर त्या दृष्टीने अवाजवी नसावा.

म्हणून भरीव छटा हवी असेल तेथे एकेक मिमी अंतरावर समांतर रेघा मारून ती निर्माण करावी. दुरून पाहताना डोळा त्या रेघांना एकच छटा समजतो, जवळून पाहताना मात्र कामाला हातकामाचा पोत येतो, जो मला रास्टरच्या सपाट तपकिरी ठशापेक्षा कितीतरी अधिक आवडतो. रेघा कर्णाच्या दिशेने, ४५ अंशांत माराव्यात. टाइल पाव फेरा फिरली की त्या दुसऱ्या कर्णाच्या दिशेला जातात, आणि भिंतीवर बाजूने उजेड पडला की शेजारच्या टाइल किंचित वेगळ्या उजळतात.

कोरीव रेघ कडेपर्यंत जाणारी असेल, तर ती आराखड्यात कडेच्या अर्धा मिमी बाहेर न्यावी. ती नेमकी कडेवर संपवली तर शीट जरा सरकलेले असताना शेवटी कोरा ठिपका राहतो. मशीनवरचा क्रमही ठरलेला असावा: आधी कोरीवकाम, मग आतली छिद्रे, सर्वांत शेवटी बाहेरची कड. बाहेरची कड आधी कापली तर सुटलेली टाइल हवेच्या झोताने हलते आणि पुढचे सगळे काम तिरके पडते.

नक्षी कोठून घ्यावी, असाही तुमच्या प्रश्नाचा एक भाग होता. देवघरासाठी मी सर्वप्रथम ठिपक्यांच्या रांगोळीकडे वळेन, कारण तिच्यात टाइलचे गणित तयारच असते. ओळी आणि ठिपके सारखे असलेली रांगोळी, उदाहरणार्थ ५ ओळी आणि ५ ठिपके, चौकोनी टाइलमध्ये थेट बसते. येथे पहिला ठिपका कडेवर न ठेवता फटीच्या मध्यापासून ठिपक्यांच्या अंतराच्या निम्म्या अंतरावर ठेवावा. ९८ मिमी टाइल आणि १ मिमी फट मिळून ९९ मिमीचा टप्पा होतो. त्याचे ५ भाग केले तर प्रत्येक अंतर १९.८ मिमी, आणि पहिला ठिपका कडेपासून ९.४ मिमीवर येतो. मग सांध्यापलीकडच्या टाइलचा पहिला ठिपकाही १९.८ मिमीवरच पडतो आणि ठिपक्यांची जाळी भिंतभर अखंड राहते. याउलट ७ ते ४ ठिपक्यांची रांगोळी, जिच्यात ४, ५, ६, ७, ६, ५, ४ अशा ओळींचे ३७ ठिपके एकमेकांच्या मधोमध येतात, ती मुळात षटकोनी आहे. ती चौकोनात कोंबली तर ठिपक्यांमधली अंतरे आडवी-उभी वेगळी होतात आणि फुलाच्या पाकळ्या दबलेल्या दिसतात. तिच्यासाठी टाइलच षटकोनी करावी किंवा बाजूंचे प्रमाण १ ला १.७३२ असलेला आयत घ्यावा. षटकोनाची टोके रांगोळीच्या सहा टोकांच्या ठिपक्यांवर ठेवली तर कडेवरचे ठिपके दोन टाइलमध्ये विभागले जातात. म्हणून नक्षीची रेघ कडेच्या अंगावरून जाऊ देऊ नये, तिने कड ओलांडावी. कडेवरून जाणारी रेघ सांध्यात हरवते.

येवल्याच्या पैठणीवरचे आकारही अनेकांना हवे असतात. पैठणीची नक्षी ताण्या-बाण्याच्या चौकटीत विणली जाते, त्यामुळे तिच्या वक्र रेषा जवळून पाहिल्या तर पायऱ्यांच्या असतात. असावली (फुलवेल) किंवा मोराचे चित्र टाइलवर घेताना त्या पायऱ्या घासून गुळगुळीत केल्या की पैठणीपण निघून जाते. त्या तशाच ठेवाव्यात, मात्र आरपार कापू नयेत, कारण प्रत्येक पायरी म्हणजे एक टोकदार कोपरा. असे आकार व्हेक्टरने कोरण्यासाठीच चांगले. पांडवलेण्यांच्या दर्शनी भागावर दगडात कोरलेल्या वेदिकेच्या, म्हणजे कठड्याच्या, पट्ट्या मात्र जाळीला फार अनुकूल आहेत: उभे खांब, आडव्या पट्ट्या, सारखी अंतरे आणि कुठेही नाजूक टोक नाही. भिंतीच्या चारही बाजूंची किनार करायची असेल तर तो आकार जरूर पाहावा. सिन्नरच्या गोंदेश्वराचे कोरीवकाम अतिशय मोहक आहे, पण त्याचे सौंदर्य खोलीत आणि सावलीत आहे. सपाट ३ मिमी शीटवर त्याची रूपरेषा उतरवून ते साधत नाही, असे माझे ठाम मत आहे.

साहित्याविषयी थोडक्यात सांगतो. एमडीएफला रेषा नसते, म्हणून एकच फाइल पुरते आणि टाइल हवी तशी फिरवता येते. प्लाय किंवा व्हिनियर घेतल्यास लाकडाची रेषा टाइलबरोबर फिरते आणि भिंत ठिगळांची दिसते. तेथे टाइल न फिरवता डावी आणि उजवी अशा दोन फाइली कराव्यात आणि दोन्ही एकाच दिशेच्या रेषेवर कापाव्यात. आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लाय मजबूत असले तरी त्यातला फिनॉलिक डिंक किरणाला दाद देत नाही, कड काळी पडते आणि मधूनमधून काप अर्धवट राहतो. अ‍ॅक्रिलिकमध्ये कोरीवकाम दुधी पांढरे उठून दिसावे असे वाटत असेल तर कास्ट (साच्यात ओतून केलेले) शीट मागावे. एक्स्ट्रुडेड (दाबून बाहेर काढलेले) शीट स्वस्त पडते, परंतु त्यावर कोरलेले फिके राहते. चिनीमातीची चकचकीत टाइल या लेझरने कापता येत नाही, तिच्यावर केवळ खूण उमटवता येते. एक गोष्ट मात्र अजिबात करू नये: सनबोर्ड, पीव्हीसी शीट, पीव्हीसी असलेला डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचा) बोर्ड किंवा रेक्झिन लेझरखाली घालू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो फुप्फुसांना घातक आहे आणि मशीनचे धातूचे भागही गंजवतो. दुकानदाराने "चालतं की" म्हटले तरी शीट पीव्हीसीचे नाही याची खात्री झाल्याखेरीज काम देऊ नये.

फाइल देताना काही बारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात. १० मिमी जाडीची एक रेघ म्हणजे १० मिमीचा पट्टा नव्हे. मशीन रेघेचा फक्त मध्य पाहते, म्हणून रेघेचे रूपांतर बाह्यरेषेत करून घ्यावे. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेघा शोधून काढून टाकाव्यात, कारण तेथे किरण दोनदा फिरतो आणि कड जळते. टाइलच्या प्रती शेजारी चिकटवताना अशा रेघा हमखास तयार होतात. फोटोवरून आपोआप ट्रेस केलेल्या आकृतीत शेकडो अनावश्यक बिंदू असतात आणि त्यांवरून मशीन थरथरत जाते, म्हणून वक्र मोजक्या बिंदूंनी पुन्हा काढावेत. जुन्या फाइली वापरत असाल तर मापे तपासा: इंकस्केप या आराखड्याच्या सॉफ्टवेअरने २०१७ च्या ०.९२ आवृत्तीपासून इंचाला ९० ऐवजी ९६ एकके धरायला सुरुवात केली, त्यामुळे आधीची फाइल लहान-मोठी उघडू शकते. फाइलच्या कोपऱ्यात नेहमी १०० मिमीचा एक मोकळा चौकोन ठेवावा. जॉबवर्कवाल्याच्या कोरलड्रॉमध्ये तो १०० भरला की बाकी माप बरोबर आहे असे समजावे. कोरणे, आतला काप आणि बाहेरचा काप यांना तीन वेगळे रंग द्यावेत आणि रंगांचा अर्थ त्याला लिहून द्यावा.

मशीनवर जाण्यापूर्वी शीट एक-दोन दिवस सपाट ठेवावे. उभे ठेवलेले ३ मिमी शीट वाकते, वाकले की फोकस बदलतो, आणि एकाच शीटमधल्या टाइलचा कर्फ वेगवेगळा येतो. बेडवर वजने किंवा पिना लावून ते दाबून घ्यायला सांगावे. पृष्ठभागावर कागदी मास्किंग टेप लावून कोरले तर धुराचे डाग लागत नाहीत. शिवाय टेप काढण्यापूर्वी कोरलेल्या भागात रंग भरता येतो आणि टेप निघाली की फक्त नक्षीच रंगीत राहते. लॅकर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश टाइलच्या दोन्ही बाजूंना सारखे द्यावे. एकाच बाजूला दिले तर ओलावा एकाच बाजूने शिरतो आणि टाइल पन्हळीसारखी वाकते.

पूर्ण २४० टाइल कापण्याआधी ९ टाइलचा, म्हणजे तीन बाय तीनचा नमुना काढावा. त्यातील ४ जाळीच्या आणि ५ कोरीव ठेवाव्यात. दोन किंवा चार टाइल पुरत नाहीत, कारण मधल्या टाइलला चारही बाजूंनी शेजार मिळतो तो तीन बाय तीनमध्येच. नमुना जमिनीवर न मांडता खोलीत भिंतीवर लावून, सकाळी आणि रात्री दिव्याच्या उजेडात पाहावा. १ मिमीची फट डोळ्यांना बरी वाटते का, पट्टा १० मिमीचा ठीक आहे की ८ चा हवा, हे तेथेच कळते.

शेवटची सूचना तुमच्या जागेपुरती आहे. देवघरात निरांजन आणि समई लागते, उदबत्तीचा धूर असतो, आणि एमडीएफ हे लाकडाच्या तंतूंचेच असते. समईच्या मागच्या आणि वरच्या भागात आरपार जाळीच्या टाइल घालू नयेत. छिद्रांत काजळी आणि तेलाचा थर बसतो, तो पुसून निघत नाही, आणि जळालेली कड तेल लवकर शोषते. त्या पट्ट्यात दगडाची किंवा चिनीमातीची टाइल घ्यावी. काळ्या ग्रॅनाइटवर लेझरने हीच पाव वर्तुळे कोरली तर ती राखाडी पांढरी उमटतात आणि ओल्या फडक्याने स्वच्छ होतात. ग्रॅनाइटचे तुकडेही ९८ मिमीचेच कापून घ्यावेत आणि कोरलेल्या रेषा कडेच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना ५ मिमीवर आणाव्यात, म्हणजे वरच्या एमडीएफच्या पट्ट्याशी त्या थेट जुळतील.